लातूरच्या काळ्या मातीत वाइनचं तळघर आणि चवीची खोली: प्रकल्प नोंदी

२१ ऑक्टोबर २०२४

लातूर शहराबाहेरचा प्लॉट. चाचणी खड्डा १० फूट घेतला. वरची साडेचार फूट काळी माती, मग तीन फूट मुरूम, खाली मांजऱ्या (मऊसर, झिजलेला खडक). पाऊस नुकताच संपलाय, म्हणजे जमिनीतलं पाणी वर्षातलं सगळ्यात वर असण्याचे हे दिवस. खड्डा घ्यायचा तो याच दिवसांत. उन्हाळ्यात खणला असता तर कोरडा दिसून फसवला असता. मुरूम आणि मांजऱ्या यांच्या सांध्यातून पाझर आहे. रात्रभरात तळाशी वीतभर पाणी जमलं.

तळाशी बाजूच्या भिंतीत हातभर लांब भोक पाडून तापमापीची काडी आत घातली, तोंड ओल्या मातीने बुजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी २७ अंश. गवंडी मामा म्हणाले, "खाली गारच असतंय की." मे महिन्यातल्या ४२ अंशांतून उतरल्यावर २७ गारच लागतं, पण वाइनला हवेत १२ ते १४. काही मीटर खोलीवर जमिनीचं तापमान त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीएवढं स्थिर होतं. युरोपातल्या बऱ्याच द्राक्षपट्ट्यांत ही सरासरी दहा-बाराच्या आसपास पडते, म्हणून तिथली तळघरं यंत्राशिवाय चालतात. आपल्याकडे ती सव्वीस-सत्तावीस. म्हणजे इथे जमीन वाइनला थंड करणार नाही, उलट बाराही महिने हळूहळू तापवत राहणार. फायदा एकच: मे असो की डिसेंबर, भिंतीपलीकडचा आकडा फारसा हलत नाही. तेव्हा हे तळघर म्हणून बांधायचं, पण हिशोब शीतगृहाचा धरायचा.

२८ ऑक्टोबर २०२४

मापं ठरली. साठवणीची खोली आतून १० × ८ फूट, उंची ८ फूट. लागून चवीची, म्हणजे वाइन चाखायची खोली १० × १२ फूट. जिना चवीच्या खोलीत उतरतो. साठवणीच्या खोलीला दार एकच, तेही चवीच्या खोलीतून. बाहेरची गरम हवा थेट बाटल्यांपर्यंत पोचता कामा नये, हा त्यामागचा विचार.

भिंतीचा थर, पत्रा, बोर्ड मिळून प्रत्येक बाजूने साडेचार इंच जातात, म्हणून काँक्रीटचं आतलं माप १० फूट ९ इंच × ८ फूट ९ इंच. हे नकाशावरच धरलं नाही तर शेवटी रॅक बसत नाही.

बाटल्यांची संख्या मात्र आज ठरवली नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे मद्य जवळ बाळगायला परवाना लागतो आणि साठ्याला मर्यादा असते. मालकांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयातून मर्यादा लेखी आणायची, मगच सुताराला माप द्यायचं. तोपर्यंत पहिला टप्पा ९६ खणांचा धरून चाललोय.

४ नोव्हेंबर २०२४

उष्णतेचा हिशोब. आत १३ अंश, मातीकडे २७, चवीच्या खोलीत २६, वरच्या खोलीत उन्हाळ्यात ३८ धरले.

मातीला टेकलेल्या तीन भिंती, १८.७ चौरस मीटर, ७५ मि.मी. एक्सपीएस (उष्णता अडवणारा घट्ट फोमचा बोर्ड): १०५ वॉट. छत ७.२ चौ.मी., १०० मि.मी.: ५४. जमीन तेवढीच, ५० मि.मी.: ६०. मधल्या भिंतीचा भरीव भाग: २३. मधल्या भिंतीतली दुहेरी काच, दार धरून २.८ चौ.मी.: १०२.

शेवटचा आकडा दोनदा तपासला. पावणेतीन चौरस मीटर काच तीन अख्ख्या भिंतींएवढी उष्णता आत घेते. मालकांना आधी दहा फुटांची पूर्ण भिंत काचेची हवी होती. हा हिशोब समोर ठेवल्यावर दार आणि त्याच्या शेजारची एक उभी काच यावर ठरलं. तशी काच दिसायला पुरेशी आहे.

भिंतींचे ३४४, दार उघडझाप आणि फटींचे १००, दिवा व यंत्राच्या कॉइलचा (आतली हवा थंड करणाऱ्या नळ्यांचा) पंखा मिळून ७५. एकूण साधारण ५२०. यंत्र २४ पैकी १६ तास चालावं असं धरलं तर ७८०, वर २० टक्के राखीव. ९५० वॉटच्या आसपासचं यंत्र. टनात पाव टनापेक्षा किंचित जास्त. बाजारातला एक टनाचा स्प्लिट एसी इथे बसवला तर चौपट मोठा होतो: दोन मिनिटं चालणार, बंद पडणार, पुन्हा चालणार. शिवाय घरगुती एसी १६ अंशांच्या खाली सेट होत नाही, आणि सेन्सरला फसवून खाली नेला तर कॉइलवर बर्फ धरतो. तो पर्याय इथेच सोडला.

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर मजूर परतले, खोदाई सुरू. काळ्या मातीच्या बाजू सरळ उभ्या ठेवू नयेत. सुकताना भेगा पडून ढलपे सुटतात. वरचे साडेचार फूट उतारावर कापले. निघालेली काळी माती प्लॉटबाहेर, मुरूम वेगळा ढीग करून राखला. भरावाला तोच लागणार आहे.

२ डिसेंबर २०२४

चार इंच पीसीसी, म्हणजे सळईविना काँक्रीट. त्यावर बॉक्स पद्धतीचं वॉटरप्रूफिंग: कच्ची शहाबादी फरशी सिमेंट मसाल्यावर, सांधे मुद्दाम पाऊण इंच रुंद, सांध्यात वॉटरप्रूफिंग पावडर घातलेला मसाला ठोकून भरला. फरशी उघडी राहिलेली असताना तिच्यावर दोन दिवस पाणी बांधून ठेवलं. एका कोपऱ्यात पातळी उतरली. सांधा उकरून पुन्हा भरला. वर राफ्ट (सळईच्या काँक्रीटचा सलग तळ) पडल्यावर तो कोपरा कधीच सापडला नसता.

मग राफ्टची सळई. राफ्ट आणि भिंत यांच्या सांध्यात १५० मि.मी.चा पीव्हीसी वॉटर स्टॉप (पाणी अडवणारी पट्टी), अर्धा खाली, अर्धा वर. तळघर गळतं ते बहुतेक याच सांध्यातून.

२३ डिसेंबर २०२४

आठ इंची आरसीसी भिंती, एम २५ प्रतीचं काँक्रीट. व्हायब्रेटर लावताना वॉटर स्टॉप वाकडा होत नाही ना, हे पाहायला एक माणूस खास उभा. पोती टाकून १४ दिवस पाणी.

१८ जानेवारी २०२५

भिंतीच्या बाहेरून उभी शहाबादी, मागच्या फटीत पातळ मसाला. तिच्या पायाशी चारी बाजूंनी ११० मि.मी.ची भोकं पाडलेली नळी, भोवती २० मि.मी. खडी, खडीला जिओटेक्स्टाइलचं कापड. नळीचा उतार कोपऱ्यातल्या संपाकडे (पाणी गोळा करायच्या खड्ड्याकडे), संपात अर्ध्या एचपीचा पंप.

भराव राखलेल्या मुरमाचा, आठ-आठ इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसून. काळी माती भिंतीला लावू दिली नाही. ती पावसाळ्यात फुगून भिंतीला ढकलते, उन्हाळ्यात आकसून सुटते आणि त्या भेगेतून पहिला पाऊस थेट पायाशी जातो. वर तीन फुटी कोबा, उतार बाहेर.

२४ फेब्रुवारी २०२५

भिंत सुकली का ते पाहिलं. दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून १६ तास ठेवलं. तीन ठिकाणी कोरडं. पूर्वेच्या भिंतीवर खालच्या बाजूला प्लॅस्टिकच्या आत दव. तिथे आणखी दोन आठवडे पंखा. काम थांबलं, थांबू दिलं.

१० मार्च २०२५

वाफरोधक थर. या सगळ्या कामात चूक झाली तर पुन्हा हात घालता येत नाही अशी जागा हीच.

पाण्याची वाफ गरम, दमट बाजूकडून थंड बाजूकडे जाते. पावसाळ्यात बाहेर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो आकडा) २२-२३ अंश, आत भिंत १३ अंश. वाफ सतत आत घुसायला पाहणार. म्हणून प्लॅस्टिक इन्सुलेशनच्या बाहेरच्या, म्हणजे गरम बाजूला. आतल्या बाजूला लावलं तर वाफ इन्सुलेशनमध्ये शिरते, आतल्या प्लॅस्टिकला अडते, तिथेच पाणी होते आणि बाहेर यायला वाट उरत नाही. दोन पावसाळ्यांत बोर्ड काळा पडतो. थंड देशांत घर आतून गरम ठेवतात, म्हणून तिथे थर आतून असतो. तिथली चित्रं पाहून इथे तसंच केलं तर उलटं होतं.

२५० मायक्रॉनचा पॉलिथिन, जोडावर सहा इंच एकमेकांवर, ब्यूटाइल टेप, वरून हातरुळाने दाबून. भिंत, छत, जमीन यांचा एकच अखंड डबा. मधल्या भिंतीला हाच थर चवीच्या खोलीच्या बाजूने.

वायरमनने दिव्याचा बॉक्स बसवायला छतात चार भोकं पाडली. चूक त्याची एकट्याची नाही, त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. भोकं बुजवली, आणि आता आतली सगळी वायरिंग उघड्या पाइपमधून, एकाच छिद्रातून आत. एलईडीचा ड्रायव्हर बाहेर चवीच्या खोलीत.

१४ मार्च २०२५

एक्सपीएस दोन थरांत, ५० आणि २५, वरचे जोड खालच्या जोडांवर येणार नाहीत असे सरकवून. फटी कमी फुगणाऱ्या फोमने. जमिनीला ५० मि.मी.चा, ३०० किलोपास्कल दाब सोसणारा. साधा थर्मोकोल वापरला तर रॅकच्या पायाखाली दबतो. त्यावर जाळी टाकून दोन इंच कोबा, वर घोटीव शहाबादी. हा कोबा आणि फरशी इन्सुलेशनच्या आत आहेत, हे मुद्दाम. लाईट गेल्यावर गारवा धरून ठेवणारं वजन तेच.

जमीन यामुळे पाच इंच वर आली. चवीच्या खोलीतही तेवढाच कोबा वाढवून पातळी जुळवली. नाहीतर दारात ठेच लागली असती, तीही हातात ग्लास असताना.

आतून जीआय चॅनेलची चौकट, तिला ८ मि.मी. सिमेंट बोर्ड. चौकट खाली कोब्यात, वर मोजून सहा स्क्रू, प्रत्येकाखाली ब्यूटाइलचा तुकडा. रंग पाण्याचा, वासरहित. ऑइलपेंट, वॉर्निश, फेविकॉल लावलेला प्लाय यांतलं काहीही आत नाही. कॉर्क वास आत घेतो.

२५ मार्च २०२५

दुहेरी काच बसली: ६ मि.मी., १२ मि.मी. पोकळी, ६ मि.मी. काचेचा हिशोब असा: चवीच्या खोलीत २६ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २० अंश. एकेरी काचेचा पृष्ठभाग साडेएकोणीसवर येतो, म्हणजे घाम फुटणार. दुहेरीचा साडेएकवीस, कोरडा राहतो. पण चवीची खोली २८ अंश आणि ८० टक्क्यांवर गेली तर दुहेरी काचही घामेजते. म्हणून पावसाळ्यात चवीच्या खोलीचा एसी, हा एक टनाचा स्प्लिट, रोज थोडा वेळ तरी चालवणं आलं, पाहुणे असोत नसोत.

चौकट ॲल्युमिनियमची बसवली. दाराला चारी बाजूंनी रबर, खाली आपोआप उतरणारी पट्टी, वर डोअर क्लोजर.

५ एप्रिल २०२५

थंड करणारं यंत्र. आर-१३४ए वायूवरचं छोटं कंडेन्सिंग युनिट (कॉम्प्रेसर असलेला बाहेरचा भाग), ४६ अंश बाहेरच्या तापमानाला ९५० वॉट देणारं. कॅटलॉगमधला मोठा आकडा बहुतेक वेळा ३२ किंवा ३५ अंशांचा असतो. आपल्याकडे तो धरायचा नाही. युनिट उत्तरेच्या भिंतीलगत सावलीत, रबरी पॅडवर, मागे एक फूट मोकळं, भिंतीला न टेकवता. थरथर बाटलीतला गाळ बसू देत नाही.

आतली कॉइल हिशोबापेक्षा एक माप मोठी घेतली. कॉइल मोठी असली की ती खोलीपेक्षा सहा-सात अंशच थंड ठेवून काम भागतं, हवेतला ओलावा जास्त ओढला जात नाही. छोटी कॉइल बारा-पंधरा अंश खाली जाते आणि खोली वाळवून टाकते. मग कॉर्क आक्रसतो, हवा आत जाते.

दोन सुती (पाव इंच) आणि चार सुती (अर्धा इंच) तांब्याची नळी, चार सुतीवर १९ मि.मी. नायट्राइल रबर. गळती पाहायला नायट्रोजन २५० पीएसआय दाबाला २४ तास. सुई हलली नाही. मग ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम. व्होल्टेज संध्याकाळी १८० च्या खाली येतं, म्हणून स्टॅबिलायझर, आणि लाईट आल्यावर पाच मिनिटं थांबवणारा टायमर. दाब समान होण्याआधी कॉम्प्रेसर उचलायला गेला की वाइंडिंग जळतं.

८ एप्रिल २०२५

यंत्र सुरू. रोज दोन-दोन अंश खाली, आठवड्यात १३ वर. एकदम ओढलं नाही, कोबा अजून ओल सोडतोय.

बाटल्या येण्याआधी फटी शोधल्या. यंत्राचा पंखा चालू, दार बंद, चवीच्या खोलीतून उदबत्तीचा धूर दाराच्या आणि काचेच्या कडेने, पाइपच्या छिद्रापाशी हळूहळू फिरवला. काचेशी धूर सरळ वर. पाइपच्या छिद्रापाशी धुराची दोरी वाकली आणि बोटभर आत ओढली गेली. वायरभोवतीचं सील पाइपच्या बाहेरून होतं, आतून नव्हतं. पाइपच्या आत सीलंट भरलं, पुन्हा उदबत्ती, धूर सरळ. नंतर तीन दिवस चवीची खोली उघडी टाकून वास घालवला.

१८ एप्रिल २०२५

आर्द्रता ४८ टक्के. हव्यात ५५ ते ७०. एप्रिलची हवा इतकी कोरडी आहे की दार उघडल्यावर येणारी हवाही कोरडीच. ह्युमिडिफायर न आणता मातीचा बिनचकाकीचा रांजण, २० लिटर, कॉइलच्या वाऱ्यात येईल असा ठेवला. चार दिवसांत ५७. पाणी दर आठवड्याला बदलायचं, रांजण आतून खरवडायचा, नाहीतर शेवाळी वास. पाऊस लागला की रांजण बाहेर.

२४ एप्रिल २०२५

रॅक बसले, ९६ खण. सागवान, ४० × २० मि.मी. पट्ट्या, खणाचं माप चार इंच, खोली एक फूट, मागे दोन इंच हवा खेळायला. चार इंच यासाठी की शिराज-कॅबरनेची सरळ बाटली तीन इंचांची असली तरी स्पार्कलिंगची साडेतीन इंच असते. भरलेली बाटली सव्वा किलो, ९६ चे १२० किलो. प्रत्येक खणाला पुढे एक सेंटिमीटरची धार, आणि रॅक वर-खाली चॅनेलला कंसांनी बांधले. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट या जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. कॉर्कवाल्या बाटल्या आडव्या. स्क्रूच्या झाकणाच्या उभ्या ठेवल्या तरी चालतात, पांढऱ्या शेनिन आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांत तशाच जास्त.

बाहेर ४१ अंश, यंत्र दिवसात १४ तास चाललं, साडेसात युनिट. मग चार तास मुद्दाम लाईट बंद, दार बंद. एक सेन्सर हवेत, दुसरा पाणी भरलेल्या बाटलीत कॉर्कमधून सोडलेला. हवा १३ वरून १६.१ वर, बाटली १३.१ वरून १४.३ वर. रोजच्या चालण्यात हवा १२ ते १४.५ अशी झोके घेते, बाटलीतला आकडा जागचा हलत नाही. कंट्रोलर पाहून घाबरायचं नाही, बाटलीतला सेन्सर पाहायचा. कॉम्प्रेसर घरच्या इन्व्हर्टरवर उचलत नाही, आणि या आकड्यांवरून चार-पाच तासांसाठी जनरेटरची गरजही दिसत नाही.

बाटल्या मात्र आत्ता मागवू नयेत. नाशिकहून निघालेली पेटी बंद टेम्पोत दिवसभर तापली तर कॉर्क वर सरकतो, आणि शिजलेली वाइन इथे कितीही गार ठेवली तरी परत येत नाही. खरेदी डिसेंबर ते फेब्रुवारी. सध्या चाचणीपुरत्या बारा, रात्रीच्या प्रवासाने.

१५ मे २०२५

चवीची खोली. टेबल ४२ इंच उंच, उभं राहून चव घेता येईल असं. वरची पाटी पांढरी, कारण वाइनचा रंग पांढऱ्यावरच खरा दिसतो. दिवे ४००० केल्विन, रंग खरे दाखवण्याचा आकडा (सीआरआय) ९० च्या वर. पिवळा मंद दिवा छान वाटतो, पण त्यात शिराज आणि कॅबरने सारख्याच तपकिरी दिसतात. तो वेगळ्या बटणावर, गप्पांसाठी.

ग्लास आयएसओ ३५९१ मापाचे, साधारण २१५ मि.ली.चे. ओतायचं ५० मि.ली., उरलेली जागा वासाला. बोअरच्या पाण्याने धुतले की पांढरे डाग पडतात, शेवटचं विसळणं आरओच्या पाण्यात. ग्लास बंद कपाटात पालथे ठेवू नयेत, कपाटाचा वास आत कोंडतो.

सिंकखालच्या नहाणी ट्रॅपला दोन इंच पाण्याचं सील आहे. खोली महिनाभर वापरली नाही तर ते उडून जातं आणि गटाराचा वास तळघरभर. दर पंधरवड्याला तांब्याभर पाणी ओतायचं, हे कपाटाच्या दारावर लिहून लावलं. स्वयंपाकघर बरोबर वर आहे, म्हणून जिन्याच्या डोक्यालाही रबर लावलेलं दार. लसणाच्या फोडणीपुढे कुठल्याही वाइनचा वास टिकत नाही.

आपल्याकडे "रूम टेंपरेचर" हा शब्द रेड वाइनसाठी निरुपयोगी. रेड १६ ते १८ वर, म्हणजे १३ ची बाटली काढून वीस-पंचवीस मिनिटं टेबलावर. पांढरी ८ ते १०, ती तासभर आधी फ्रिजमध्ये.

३० मे २०२५

पाऊस या वर्षी मेमध्येच आला. काच कोरडी, पण ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पाण्याची धार, खाली फरशीवर ओघळ. दोष निवडीचा आहे. काचेचा हिशोब केला, चौकटीचा केला नाही. सलग धातू आतला गारवा थेट बाहेर आणतो, पृष्ठभाग १५ अंशांवर, दवबिंदू २०. चौकट काढून सागवानी बसवायची.

१९ जून २०२५

सागवानी चौकट बसली, चवीच्या खोलीच्या बाजूने मेण चोळलेली. आठ दिवस पाहिलं, कोरडी. रांजण बाहेर काढला. आर्द्रता ६६.

२९ सप्टेंबर २०२५

या महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी. आजूबाजूच्या रानांत सोयाबीन पाण्यात उभं आहे, त्यापुढे इथली नोंद किरकोळ. तरी, लिहायची ती लिहितो.

संपाचा पंप तासाला सात-आठ वेळा लागत होता. एका रात्री लाईट सहा तास नव्हती. पाणी संपाच्या काठाखाली वीतभर येऊन थांबलं. भिंती, राफ्टचा सांधा, कोपरे बॅटरीच्या उजेडात हात फिरवून पाहिले, कोरडे. साठवणीत हवा १६.८, बाटली १४.९.

लगेच करायचं: संपाचा पंप वेगळ्या इन्व्हर्टरवर, कॉम्प्रेसर तसाच राहू द्यायचा. संपात दुसरा पंप, पहिल्याच्या फ्लोटपेक्षा (पाणी चढलं की पंप लावणाऱ्या तरंगत्या बटणापेक्षा) सहा इंच वर. बाहेरच्या कोब्याला वायव्य कोपऱ्यात केसाएवढी भेग आहे. ती हिवाळ्यात माती सुकल्यावर रुंदावेल, तेव्हा भरायची, आत्ता नाही.